व्हेनीअर बसविण्यापूर्वी

लग्नसराई जवळ आली म्हणजे नागपुरातील धंतोली-रामदासपेठेकडील दंतवैद्यांच्या दवाखान्यांत समोरच्या दातांना व्हेनीअर बसवून मिळावे अशी मागणी घेऊन येणाऱ्या तरुण-तरुणींमध्ये दोन अगदी भिन्न प्रकारची माणसे असू शकतात. एकाचे दात मुळात निरोगी, भक्कम आणि सुस्थितीत असतात, आणि ते छायाचित्रांतील नटनट्यांच्या दातांइतके शुभ्र नाहीत एवढीच त्याची तक्रार असते. दुसरा यवतमाळ जिल्ह्यातील पांढरकवड्याकडील किंवा चंद्रपूर जिल्ह्यातील वरोरा तालुक्यातील एखाद्या खेड्यातून आलेला असतो. बालपणी त्याने बोअरवेलचे जे पाणी प्यायले त्या पाण्याने त्याच्या दातांवर पिवळट-तपकिरी पट्टे आणि खडूसारखे पांढुरके ठिपके कायमचे उमटविलेले असतात, आणि चारचौघांत हसताना तोंडावर हात धरण्याची त्याची सवय इतकी जुनी झालेली असते की ती त्याची त्यालाही जाणवत नाही. दोघांची मागणी शब्दशः एकच असली तरी तिला एकच उत्तर देता येणार नाही. हे उत्तर कशावरून ठरवावे, याचा विचार येथे करावयाचा आहे.

व्हेनीअर म्हणजे दाताच्या दर्शनी पृष्ठभागावर कायमचा चिकटविलेला एक पातळ पापुद्रा होय. तो पोर्सिलेनचा किंवा तत्सम काचमय पदार्थाचा असतो, अथवा दात भरण्यासाठी जे दाताच्या रंगाचे मिश्रण वापरतात त्या कॉम्पोझिटचा असतो. आणि त्याची जाडी सामान्यतः ०.३ ते ०.७ मिलिमीटर, म्हणजे नखापेक्षा फारशी अधिक नसते. ही कल्पना जन्मास आली ती चित्रपटांच्या दुनियेत. १९३० सालाच्या आगेमागे कॅलिफोर्नियातील चार्ल्स पिंकस या दंतवैद्याने नटनट्यांच्या दातांवर केवळ चित्रीकरणापुरती बसतील अशी कवचे तयार केली. ती कवळी चिकटविण्याच्या भुकटीने बसवीत आणि काम संपताच काढून ठेवीत. पुढे १९५५ साली मायकेल बुओनोकोर या संशोधकाने असे दाखवून दिले की, दाताच्या पृष्ठभागावर काही क्षण फॉस्फरिक आम्ल लावले असता तेथे सूक्ष्म खाचा पडतात आणि त्या खाचांत शिरलेले राळेसारखे द्रव्य घट्ट धरून राहते. १९८० नंतरच्या दशकात पोर्सिलेनच्या आतील बाजूसही हायड्रोफ्लोरिक आम्लाने तशाच खाचा पाडण्याची रीत रूढ झाली, आणि दात व पापुद्रा हे दोन्ही एकमेकांस जखडले जाऊ लागले. जे कवच मुळात सायंकाळी काढून ठेवावयाचे होते ते अशा रीतीने आयुष्यभराचे झाले, आणि म्हणूनच ते घेण्यापूर्वी पुरेसा विचार करणे अगत्याचे ठरले.

हा विचार दंतवल्कापासून सुरू झाला पाहिजे. दाताचे जे बाह्य आवरण आपणांस दिसते, ज्यास दवाखान्यात इनॅमल म्हणतात, ते मानवी देहातील सर्वांत कठीण द्रव्य असून वजनाने त्याचा सुमारे ९६ टक्के भाग खनिजांचा बनलेला असतो. मोडलेले हाड सांधते, कापलेली त्वचा भरून येते. परंतु ज्या पेशी दंतवल्क घडवितात त्या दात हिरडीबाहेर येता-येताच नाहीशा होत असल्यामुळे एकदा झिजलेले वा घासून काढलेले दंतवल्क पुन्हा निर्माण करण्याची कोणतीही तजवीज निसर्गाने ठेवलेली नाही. पटाशीच्या दाताच्या दर्शनी बाजूस या आवरणाची जाडी मध्यभागी सुमारे एक मिलिमीटर, आणि हिरडीलगत त्याच्या निम्म्याहूनही कमी असते. व्हेनीअरला जागा करून देण्यासाठी दंतवैद्य ज्या वेळी या पृष्ठभागावरून ०.३ ते ०.५ मिलिमीटरचा थर घासून काढतो, त्या वेळी तो या अत्यल्प भांडवलातील मोठा हिस्सा खर्ची टाकीत असतो. हात थोडा अधिक खोल गेला की खालचा मऊ, संवेदनाक्षम असा दंतिनाचा थर उघडा पडतो. त्यावर व्हेनीअर तितके घट्ट धरत नाही, आणि गार पाण्याचा घोट घेताच दात सळसळतात. दात न घासताही व्हेनीअर बसते, असे सांगण्यात येते, आणि दात लहान असतील किंवा किंचित आत गेलेले असतील तर ते खरेही आहे; परंतु योग्य आकाराच्या दातावर काहीही न काढता पापुद्रा चढविल्यास तो दात जाड, पुढे आलेला आणि परका दिसू लागतो.

व्हेनीअर हा एकदाच करावयाचा खर्च आहे अशी पुष्कळांची समजूत असते. ती बरोबर नाही. चांगल्या रीतीने बसविलेले पोर्सिलेनचे व्हेनीअर सर्वसाधारणपणे दहा-पंधरा वर्षे, क्वचित त्याहून अधिक काळ, टिकते. कॉम्पोझिटचे पाच-सात वर्षे. याचा अर्थ असा की, पंचविसाव्या वर्षी ज्याने सहा किंवा आठ दातांवर ते बसवून घेतले त्याला उरलेल्या आयुष्यात ते निदान दोन-तीन वेळा तरी बदलून घ्यावे लागेल, आणि जुने काढून नवे बसविताना प्रत्येक वेळी मूळ दाताचा काही अंश आणखी जाईल. संपूर्ण दात चोहोबाजूंनी घासून त्यावर कॅप बसविण्याच्या मानाने व्हेनीअर पुष्कळच सौम्य आहे, कारण कॅपसाठी दाताच्या हिरडीबाहेरील भागाचा निम्म्याहून अधिक हिस्सा काढावा लागतो. तरीही सौम्य म्हणजे निरुपद्रवी नव्हे, आणि परत फिरण्याची मुभा दोहोंतही नाही.

प्रथम त्या दुसऱ्या प्रकारच्या, म्हणजे फ्लोराइडने डागाळलेल्या दातांच्या माणसाचा विचार करू. कारण माझ्या मते व्हेनीअरवर खरा हक्क कोणाचा असेल तर तो त्याचा आहे, आणि विदर्भात या विषयाचे महत्त्व प्रामुख्याने त्याच्यामुळेच आहे. खडकांतील फ्लोराइड भूजलात विरघळते. १९७२ च्या दुष्काळानंतर महाराष्ट्राच्या खेडोपाडी बोअरवेल खोदल्या गेल्या आणि पिण्याच्या पाण्याची तातडीची विवंचना मिटली. परंतु काही भागांत त्या खोल पाण्याबरोबर फ्लोराइडही घागरीत आले. पिण्याच्या पाण्यात ते लिटरमागे एक मिलिग्रॅमपर्यंत असावे, आणि दुसरा उद्भव उपलब्ध नसेल तरच दीड मिलिग्रॅमपर्यंत चालावे, असे भारतीय मानक आहे. याहून अधिक फ्लोराइड असलेले पाणी मूल जर साधारण आठव्या वर्षापर्यंत, म्हणजे कायमचे दात हिरडीच्या आत घडत असताना, पीत राहिले, तर त्या दातांचे दंतवल्क सच्छिद्र होते. दात उगवतात तेव्हा ते खडूसारखे पांढुरके असतात; पुढे त्या छिद्रांतून रंग शिरत जाऊन त्यांवर तपकिरी छटा चढते. म्हणून मोठेपणी अशा गावी बदलून गेलेल्या शिक्षकाच्या वा तलाठ्याच्या दातांवर हे डाग पडत नाहीत, आणि त्याच गावात जन्मलेल्या मुलाच्या दातांवरून ते कितीही घासले तरी जात नाहीत. हा अस्वच्छतेचा परिणाम नव्हे, तो संसर्गजन्य नव्हे, आणि तंबाखूचाही नव्हे. स्थळे पाहताना या डागांवरून मुलामुलींची जी परीक्षा होते ती सर्वस्वी अन्यायाची आहे, कारण ज्या वयात हा दोष उत्पन्न झाला त्या वयात पाण्याची निवड करणे त्यांच्या अखत्यारात नव्हते. नागपूर शहराला पाणी मिळते ते मुख्यत्वे पेंच प्रकल्प आणि कन्हान नदी यांचे, म्हणजे भूपृष्ठावरील. आणि अशा पाण्यात फ्लोराइड सहसा अल्प असते. शहरातील माणसाला हे डाग अनोळखी वाटतात, आणि त्याचा गैरसमज लवकर होतो, याचे कारण तेच असावे.

पण हक्क आहे म्हणून एकदम व्हेनीअर बसवावे असे नाही. फ्लोराइडच्या डागांचे अनेक दर्जे असतात आणि उपचारांची पायरी त्या दर्जाप्रमाणे खालून चढावयाची असते. नुसत्या पुसट पांढऱ्या रेषा असतील तर त्यांना हात न लावणे हेच उत्तम. तपकिरी डाग उथळ असतील तर हायड्रोक्लोरिक आम्लाचे सौम्य मिश्रण आणि अपघर्षक भुकटी यांनी वरचा अतिसूक्ष्म थर काढून टाकण्याची रीत आहे. तीत जाणारे दंतवल्क मिलिमीटरच्या दहाव्या हिश्शाच्या आसपास असते, आणि तिला ब्लीचिंगची जोड दिली असता पुष्कळांना पुढे काहीच करावे लागत नाही. सच्छिद्र भागात पातळ राळ जिरवून तो पांढुरका ठिपका आजूबाजूच्या रंगात मिळवून टाकण्याची रीतही अलीकडे प्रचारात आली आहे. एवढ्याने भागत नसेल तर कॉम्पोझिट. आणि डाग गडद व खोल असतील, पृष्ठभागावर खड्डे पडले असतील, कडा तुटत असतील, तर मात्र पोर्सिलेनचे व्हेनीअर हे योग्य साधन ठरते. येथेही एक बाब ध्यानात ठेवली पाहिजे. फ्लोराइडयुक्त दंतवल्कावर आम्लाचा परिणाम नेहमीच्या दातांप्रमाणे होत नाही, सबब त्यावर व्हेनीअर चिकटविणे हे अधिक काळजीचे काम आहे. आणि खालचा गडद रंग झाकण्यासाठी पापुद्रा अपारदर्शक घ्यावा लागतो, त्यामुळे तो नैसर्गिक दिसावा म्हणून तंत्रज्ञाचे कौशल्य पणास लागते. असे दात पूर्वी हाताळलेल्या वैद्याकडेच जावे. १९६८ पासून नागपुरात मेडिकलच्या, म्हणजे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या, परिसरात चालू असलेले शासकीय दंत महाविद्यालय व रुग्णालय या कामी दूरच्या खेड्यातून येणाऱ्यांना मोठा आधार आहे. तेथे रांग असते, विद्यार्थी आणि अध्यापक मिळून काम करीत असल्याने वेळ अधिक लागतो, परंतु पायरी-पायरीने करावयाच्या उपचाराला तो वेळ प्रतिकूल नसून अनुकूलच आहे.

आता ज्याचे दात निरोगी आहेत त्याच्याकडे वळू. दाताचा रंग मुख्यतः आतील दंतिनाचा असतो आणि दंतिन स्वभावतःच पिवळसर आहे. वाढत्या वयाबरोबर वरचे दंतवल्क झिजते आणि तो पिवळेपणा अधिक जाणवतो. हा रोग नाही. चहाचे, पानाचे, किटणाचे डाग असतील तर ते साध्या क्लीनिंगने निघून जातात, आणि ते काढल्यावर आपले दात मुळात बरेच पांढरे आहेत असा शोध कित्येकांना लागतो. त्यानंतरही समाधान नसेल तर ब्लीचिंग आहे. दातांच्या मापाच्या साच्यात कार्बामाइड पेरॉक्साइडचे सौम्य मलम भरून तो साचा रात्री घालून निजण्याची पद्धत १९८९ पासून प्रचारात आहे. काही दिवस दात थोडे संवेदनशील होतात, पण दाताचा कणही घासला जात नाही. लहानपणी मार बसून एखादाच दात काळवंडला असेल तर रूट कॅनाल करून त्या दाताच्या आतून ब्लीचिंग करता येते. दोन पटाशींमधील फट नकोशी वाटत असेल, जरी आपल्याकडे कित्येक घरांत ती भाग्याची खूण मानतात, तर ती कॉम्पोझिटने एकाच बैठकीत बुजविता येते. आणि दात वेडेवाकडे असतील तर त्यांना तार लावावी. वाकडा दात व्हेनीअरखाली सरळ दाखवावयाचा म्हणजे त्याचा पुढे आलेला भाग खोलवर घासावा लागतो. दीड-दोन वर्षांची तारेची मुदत टाळण्यासाठी जन्माचे दंतवल्क देऊन टाकणे हा सौदा मला कधीही पटलेला नाही. लग्नाची तारीख दोन महिन्यांवर आलेली असते, घरच्यांची घाई असते, आणि या घाईतच निरोगी दात घासले जातात. मुहूर्त जवळ असेल तर क्लीनिंग आणि ब्लीचिंग एवढ्यावर थांबावे. उरलेल्या गोष्टींचा विचार पुढे सवडीने करता येतो. अठरा-वीस वर्षांखालील मुलामुलींच्या बाबतीत तर दातांतील मज्जेची पोकळी अजून मोठी असते आणि हिरडीची रेषा पुरती स्थिर झालेली नसते. त्यांनी थांबणेच श्रेयस्कर.

नागपुरात एका गोष्टीचा उल्लेख केल्यावाचून हा विषय पुरा होणार नाही, आणि ती म्हणजे खर्रा. सुपारी, तंबाखू आणि चुना प्लॅस्टिकवर घोटून तयार केलेले हे मिश्रण विदर्भात तरुणांच्या तोंडी इतके सर्रास असते की, गुटख्यावर महाराष्ट्रात २०१२ साली बंदी आल्यानंतरही हे व्यसन ओसरले नाही. खर्ऱ्याने दात रंगतात म्हणून व्हेनीअर बसवावे असे जर कोणा इसमाच्या मनात येत असेल तर त्याने प्रथम आरशासमोर उभे राहून आपल्या तोंडात तीन बोटे उभी जातात की नाही हे पाहावे. ती जात नसतील, गालांची आतली त्वचा ताठर आणि पांढुरकी झाली असेल, तिखट लागताच तोंडाची आग होत असेल, तर हा व्हेनीअरचा रुग्णच नव्हे. तो सबम्यूकस फायब्रोसिसचा रुग्ण असण्याचा संभव आहे, त्यातून कर्करोगही उद्भवू शकतो, आणि त्याने विनाविलंब तपासणी करून घेतली पाहिजे. ज्याचे तोंड अद्याप नीट उघडते त्यानेही खर्रा सोडल्यावाचून हा खर्च करू नये. पोर्सिलेनवर डाग बसत नाही हे खरे, पण दात आणि व्हेनीअर यांच्या सांध्यावर तो बसतो, आणि सुपारीसारखा कठीण पदार्थ दिवसभर चघळणाऱ्या जबड्यात इतका पातळ पापुद्रा टिकण्याची आशा धरणे व्यर्थ आहे.

झोपेत दात खाण्याची सवय ही दुसरी मोठी हरकत. सकाळी जबडा दुखणे, पटाशीच्या कडा झिजून सपाट होणे ही तिची लक्षणे होत; अशा माणसाने व्हेनीअर घेतलेच तर रात्री संरक्षक साचा घालणे त्याला जन्मभर सोडता येणार नाही. हिरड्यांतून रक्त येत असेल तर आधी हिरड्यांचा इलाज. आंबटाचाही विचार करावा. नागपूरच्या उन्हाळ्यात लिंबाचे सरबत आणि हिवाळ्यात संत्री यांवर कोणी निर्बंध घालू नयेत, पण दिवसभर घोट-घोट आंबट पेय पिण्याने दंतवल्क विरघळत जाते, आणि ज्याचे आवरण असे आधीच पातळ झाले आहे त्याच्या दातावर व्हेनीअर धरण्यास पुरेसा आधारच उरत नाही.

पोर्सिलेन की कॉम्पोझिट, हा निर्णय पैशांबरोबर आहारावरही अवलंबून आहे. कॉम्पोझिट स्वस्त, बहुधा एका बैठकीत होणारे, दात कमी घासणारे आणि तुटले तर तेथल्या तेथे दुरुस्त होणारे. पण ते रंग शोषते, आणि हळदीचा रंग तर फारच लवकर. तर्री-पोहे आणि सावजी रस्सा ज्याच्या नित्याच्या जेवणात आहे त्याच्या कॉम्पोझिटला वरचेवर पॉलिश लागणार. पोर्सिलेन महाग, एका दातामागे काही हजारांचे, पण त्याचा रंग टिकतो. तरुण वयात, केवळ आकारात किरकोळ सुधारणा हवी असेल तर कॉम्पोझिटपासून आरंभ करावा असे मला वाटते, कारण पुढचा मार्ग त्याने बंद होत नाही. आरोग्यविमा या खर्चाचा भार सहसा उचलीत नाही, हे हिशेबात धरून चालावे.

ज्याचा निश्चय झाला आहे त्याने दात घासण्यापूर्वी मेणाचा किंवा तात्पुरत्या द्रव्याचा नमुना आपल्या दातांवर बसवून पाहण्याचा आग्रह धरावा. तो लावून बोलावे, हसावे, घरच्यांना दाखवावे. रंगाची निवड खोलीतील दिव्याखाली न करता दिवसाच्या उजेडात करावी, आणि रंगांच्या नमुन्यांच्या पट्टीवरील सर्वांत पांढरा रंग मागू नये; त्वचेच्या आणि डोळ्यांतील पांढऱ्या भागाच्या रंगाशी जो जुळतो तोच चेहऱ्यावर शोभतो. ब्लीचिंग आधी केले असेल तर त्यानंतर सुमारे दोन आठवडे जाऊ द्यावेत, म्हणजे रंग स्थिरावतो आणि चिकटविण्याचे काम नीट होते. किती दात, किती घासणार, कोणते द्रव्य, तुटल्यास काय, याचा तपशील लेखी मागण्यात संकोच नसावा. उपचारापूर्वीची छायाचित्रे आणि क्ष-किरण चित्रे आपल्यापाशी ठेवावीत. कायद्यान्वये दंतवैद्य म्हणून नोंदणी असलेल्या व्यक्तीवाचून कोणालाही हे काम करण्याचा अधिकार नाही. ब्यूटी पार्लरमध्ये बसवून मिळणारे किंवा पार्सलने येणारे तयार दात, ते कितीही स्वस्त असोत, तोंडात घालू नयेत. त्यांच्या कडांखाली अन्न साचते आणि आतला दात न कळत किडतो.

फ्लोराइडच्या डागांसाठी आलेल्या माणसाच्या बाबतीत एक काम दवाखान्याबाहेर शिल्लक राहते. त्याचे दात झाकले जातात, पण घरी त्याची धाकटी भावंडे, पुतणे, भाचे त्याच बोअरवेलचे पाणी पीत असतात, आणि ते पाणी उकळल्याने फ्लोराइड जात नाही. उलट पाणी आटून त्याचे प्रमाण वाढते. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या जिल्हा प्रयोगशाळेत पाण्याचा नमुना तपासून घेता येतो, आणि प्रमाण अधिक निघाल्यास ग्रामपंचायतीकडे दुसऱ्या उद्भवाची मागणी करता येते. दुसरा उद्भव नसेल तर तुरटी आणि चुना यांच्या साहाय्याने फ्लोराइड खाली बसविण्याची नलगोंडा पद्धत आहे, आणि ती विकसित करणारी नीरी ही पर्यावरणविषयक संशोधन संस्था १९५८ पासून याच नागपुरात आहे. ज्या तरुणाला त्याच्या दातांवरील डाग कशाचे आहेत हे दंतवैद्याने समजावून सांगितले, त्याच्या हाती त्याच भेटीत ही माहितीही दिली पाहिजे; त्याच्या घरातील आठ वर्षांखालील मुलांचे कायमचे दात या क्षणी हिरडीच्या आत घडत आहेत.